आधी फट मोजा, मग रबर घ्या : पद्मिनी-अँबॅसेडरच्या दारांचं बीडिंग बदलण्याची रीत

दाराच्या कडेचं रबर, म्हणजे बीडिंग, नवं लावूनही पावसात पायाखालचं मॅटिंग ओलं होतं. दार आपटल्याशिवाय लागत नाही. चार महिन्यांत वरच्या कोपऱ्यातलं रबर सुटून लोंबायला लागतं. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांच्या या तीन तक्रारी कायमच्या आहेत आणि तिन्ही वेळा शिव्या रबराला बसतात. बहुतेक वेळा रबर ठीक असतं, कामाचा क्रम चुकलेला असतो. आधी बाजारातून रबर आणायचं, मग ते कसंबसं चिकटवायचं आणि शेवटी दार का लागत नाही ते बघायला बसायचं, असं चालतं. खाली दिलेला क्रम याच्या उलट आहे.

उदाहरणाला प्रीमियर पद्मिनी धरली आहे. अँबॅसेडर आणि त्या पिढीतल्या इतर चारदारी गाड्यांना हीच रीत चालते. एवढ्या वर्षांत या गाड्या किती डेंटरांच्या हाताखालून गेल्या याचा हिशोब नसतो. त्यामुळे कारखान्यातून निघताना रबर कसं होतं या वादात वेळ घालवू नका. आज तुमच्या गाडीवर काय आहे आणि फट किती आहे, एवढंच कामाचं.

गंज नसेल तर एका दाराला अर्धा दिवस धरा. गंज निघाला तर रंग पक्का होईपर्यंत आठवडा-दोन आठवडे थांबावं लागतं, म्हणून हे काम मे महिन्यात उरकणं उत्तम. आणि एका वेळी एकच दार उघडं करा. समोरच्या बाजूचं जुन्या रबराचं दार हाच तुमचा नकाशा असतो.

१. पाणी खरंच बीडिंगमधून येतंय का?

दाराच्या आतल्या पोकळीत पाणी शिरणं हा दोष नव्हे. काचेवरून ओघळलेलं थोडं पाणी कमरेच्या पट्टीतून (काच दारात उतरते तिथल्या पट्टीतून) आत उतरतंच आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ही भोकं बुजली की पाणी आत साठतं, पत्रा खालून कुजतो आणि साठलेलं पाणी डोअर पॅडच्या (दाराच्या आतल्या बाजूच्या आच्छादनाच्या) खालून केबिनमध्ये झिरपतं. दुसरी नेहमीची भानगड डोअर पॅडच्या मागच्या प्लास्टिकची. स्पीकर बसवणाऱ्याने किंवा काचेची मशीन दुरुस्त करणाऱ्याने हे प्लास्टिक फाडलेलं असतं, नाहीतर काढून फेकलेलं असतं. अशा गाडीला जगातलं सर्वोत्तम बीडिंग लावलं तरी मॅटिंग ओलंच राहणार.

म्हणून आधी तीन परीक्षा घ्या.

*कागद* : वहीच्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. थोडा अडसर देत निघाली तर ठीक. सहज सरकली तर तिथे रबर टेकतच नाही. फाटली तर तिथे दाब फार आहे. दाराच्या चारही बाजूंनी दर वीतभर अंतरावर हे करा आणि जागा खडूने मांडून ठेवा.

*उजेड* : रात्री एकाने आत बसून बाहेरून टॉर्च फिरवायला लावा. उजेड दिसला तिथे फट आहे. उजेड दिसला नाही म्हणजे पाणी येणार नाही, असं मात्र नाही.

*पाणी* : साध्या पाइपने, मंद धारेने. आधी दाराचा तळ, मग दोन्ही उभ्या बाजू, मग काचेची कमर आणि सगळ्यात शेवटी वरची कड. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटं. आत बसलेल्याने टॉर्च आणि टिश्यू पेपर घेऊन पहिला थेंब कुठे दिसतो ते बघायचं.

> सावधान : वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप तर मुळीच नको. त्या धारेपुढे नव्या गाडीचंही रबर टिकत नाही.

काचेच्या कमरेवर पाणी सोडलं आणि थेंब डोअर पॅडच्या खालच्या कडेला आला, तर भोकं आणि प्लास्टिक बघा. पुढच्या दाराच्या त्रिकोणी काचेच्या कोपऱ्यातून आला, तर त्या काचेचं स्वतंत्र रबर गेलंय. पाणी पॅडच्या बाहेरून, चौकटीच्या कडेने आत आलं तरच बीडिंग दोषी.

२. दार सरळ करा

ही पायरी गाळली की पुढचं सगळं काम वाया जातं.

दार अर्धं उघडा, लॉकच्या बाजूची कड दोन्ही हातांनी धरा आणि वर उचला. बिजागरीत खटखट जाणवली, कड दोन-तीन मिलिमीटर वर गेली, तर बिजागरीची पिन झिजली आहे. पिन आणि बुश लेथवाल्याकडून बनवून घ्या. आता दार अगदी सावकाश लावा आणि शेवटच्या दोन सेंटिमीटरला डोळा लॉकवर ठेवा. स्ट्रायकरवर (बॉडीवरच्या, लॉक ज्यात अडकतं त्या भागावर) चढताना दार वर उचललं जात असेल तर ते लोंबलेलं आहे, स्ट्रायकर त्याला ओढून जागेवर आणतोय. असं दार बंद असताना सरळ दिसतं, म्हणून हा दोष लपून राहतो.

बिजागरीचे स्क्रू सैल करण्याआधी बिजागरीभोवती पेन्सिलने रेघ मारा. दाराखाली लाकडी ठोकळा आणि वर जुनी गादी देऊन आधार द्या, स्क्रू पाव फेरी सैल करा, दार हलवा, आवळा, लावून बघा. जुने स्क्रू जाम असतील तर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल सोडा आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. साध्या पेचकसाने डोकं गोल झालं की ड्रिल मारण्यावाचून गती नाही.

दार आणि बॉडी यांच्यातली बाहेरून दिसणारी रेघ चारही बाजूंनी साधारण सारखी आली, दाराचा पत्रा शेजारच्या पत्र्याच्या पातळीत आला, की पुढे जा. हे सगळं रबर काढून तपासायचं (ते कसं काढायचं ते पायरी ३ मध्ये आधी वाचा). जुनं कडक रबर दाराला बाहेर ढकलत असतं आणि फसवतं.

३. जुनं रबर काढणं

काढण्याआधी फोटो घ्या. रबर कुठून सुरू होतं, जोड कुठे आहे, ओठ आत वळलाय की बाहेर, बिजागरीपाशी ते पत्र्याच्या कुठल्या बाजूने गेलंय, हे सगळं फोटोत आलं पाहिजे. बसवण्याच्या पद्धती मुख्यतः तीन : दाराच्या कडेला किंवा खाचेत चिकटवलेलं, बॉडीच्या चौकटीवरच्या पत्र्याच्या उभ्या कडेवर दाबून बसवलेलं, आणि क्लिपांनी अडकवलेलं. एकाच दारावर दोन पद्धती असू शकतात.

दाबून बसवलेलं हाताने उपटून निघतं. क्लिपांखाली प्लास्टिकची चपटी पट्टी घाला. चिकटवलेल्याला हेअर ड्रायरने ऊब द्या, हाताला सोसवेल इतपतच, आणि सावकाश सोला. हीट गन असेल तर कमीत कमी सेटिंगवर ठेवा आणि सतत हलवत राहा. जुन्या रंगाला फोड यायला फार वेळ लागत नाही.

पत्र्यावर उरलेला डिंक काढताना सगळ्यात मोठी चूक होते ती थिनरची. या गाड्या अनेकदा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाने परत रंगवलेल्या असतात आणि एनसी थिनर तो रंग डिंकासकट उचलतो. रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइन चिंधीवर घ्या, डिंकावर दहा मिनिटं ठेवा आणि प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. तेही आधी दाराच्या बिजागरीकडच्या कडेवर, न दिसणाऱ्या जागी करून बघा. रॉकेलाचा तेलकटपणा राहतो, म्हणून शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा.

जुनं रबर फेकू नका. बिजागरीच्या बाजूचा किंवा खालच्या कोपऱ्याजवळचा, कमीत कमी दबलेला वीतभर तुकडा कापून ठेवा. दुकानात तोच दाखवायचा.

४. गंज आणि पत्रा

रबराखालचा गंज वरून दिसतो त्याच्या दुप्पट असतो, अशी तयारी ठेवा. चौकटीच्या उभ्या कडेवर दोन पत्र्यांच्या मधला गंज फुगून कड जाड होते आणि मग दाबून बसवायचं रबर त्यावर चढतच नाही, किंवा चढलं तर फाकतं.

वायर ब्रश, मग ८० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग रस्ट कन्व्हर्टर, त्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर रंग. कड वाकडी असेल तर जबड्यांना टेप गुंडाळलेल्या पक्कडने सरळ करा. पत्रा कुजून भोक पडलं असेल तर तिथे वेल्डिंगच लागतं. लांबी (पुटी) भरून वर रबर चिकटवलं तर दार दहा वेळा लागेपर्यंत ती लांबी निघून येते.

आता दाराच्या तळाची भोकं बघा. बोथट तारेने साफ करा, वरून मगभर पाणी ओता आणि ते धावत बाहेर येतंय ना याची खात्री करा. डोअर पॅड काढलेलंच असेल तर आतून तळाला कॅव्हिटी वॅक्स (पोकळीतला गंज रोखणारं मेण) मारा. पण भोकं बुजवू नका.

> सावधान : ताज्या रंगावर चिकटवू नका. वरून सुकलेला दिसला तरी कॉन्टॅक्ट अॅडहेसिव्हमधलं सॉल्व्हंट कोवळ्या रंगाला सुरकुत्या पाडतं. टूके पीयू रंगाला (हार्डनर मिसळून मारायच्या पॉलियुरेथेन रंगाला) किमान आठवडा द्या, एनसीला त्याहून जास्त.

५. फट मोजा

इथे बहुतेक लोक जुन्या रबराची जाडी मोजतात. ती चपटी झालेली असते, म्हणून तर आपण ते बदलतोय. मोजायची असते फट.

मुलांची खेळायची क्ले आणा. सुपारीएवढे दहा-बारा गोळे करा, प्रत्येक पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि रबर जिथे टेकणार त्या रेषेवर चिकटपट्टीने लावा. वरच्या कडेला तीन, दोन्ही उभ्या बाजूंना तीन-तीन, तळाला दोन-तीन. दार सावकाश पूर्ण लॉक होईपर्यंत लावा, उघडा, आणि प्रत्येक गोळ्याची दबलेली जाडी व्हर्निअरने मोजून कागदावर दाराचं चित्र काढून लिहा.

पोकळ फुग्याचं स्पंज रबर त्याच्या उंचीच्या २५ ते ३५ टक्के दबलं की पाणी अडवतं आणि दारही सहज लागतं. बहुतेक आकडे ९ मिलिमीटरच्या आसपास आले तर १२ ते १३ मिलिमीटर उंचीचा फुगा घ्या. कुठे ८, कुठे १० आले तरी १३ चा फुगा चालतो. एका जागी तो ५ मिलिमीटर दबेल, दुसऱ्या जागी ३. पण एका कोपऱ्यात ७ आणि दुसऱ्यात १२ आले तर कुठलंच रबर हे भरून काढणार नाही. पायरी २ कडे परत जा. कमी फटीच्या जागी दार आपटावं लागेल आणि जास्त फटीच्या जागी पाणी येत राहील, आणि दुकानदार तुम्हाला आणखी जाड रबर विकेल.

चौकटीच्या कडेवर दाबून बसवायचं रबर असेल तर कडेची जाडीही मोजा. दोन पत्रे आणि रंग मिळून साधारण दोन मिलिमीटर येतात. जिथे तिसरा पत्रा येतो तिथे तीनच्या पुढे जातं. रबराची पकड या दोन्ही आकड्यांना बसणारी हवी.

६. खरेदी

लांबी दोरीने मोजा. दोरी रबराच्या मार्गावरून, कोपऱ्यांत न ताणता फिरवा. चारदारी गाडीच्या एका दाराला साधारण साडेतीन मीटर लागतं. चार दारांना १४ मीटर धरले तर १६ मीटर घ्या, तेही एकाच लॉटमधलं. नंतर आणलेल्या दोन मीटरचा फुगा हमखास वेगळ्या मऊपणाचा निघतो.

मुंबईत ऑपेरा हाऊस, कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यात नाना पेठ इथे जुन्या गाड्यांचं रबर मिळतं. गाडीचं नाव सांगून मागू नका. तुकडा आणि फटीचे आकडे घेऊन जा. 'पद्मिनीचंच आहे' म्हणून दिलेलं रबर कित्येकदा नुसतं भरीव काळं रबर असतं. भरीव रबर स्पंजाच्या जागी लावलं की ते दबतच नाही आणि दार बाहेर राहतं.

दुकानातच तपासा :

– चिमटीत दाबून सोडा. लगेच मूळ आकारात आलं पाहिजे. बोटांचा ठसा राहिला तर ठेवून या.
– दुहेरी वाकवून बाहेरचं वळण बघा. बारीक भेगा दिसल्या तर माल जुना आहे.
– पाच सेंटिमीटरचा तुकडा मागून घ्या, पाण्यात बुडवून दाबा आणि सोडा, मग बाहेर काढून त्याची भिंत पिळा. स्पंजाच्या भिंतीतून पाणी निघालं तर तो उघड्या छिद्रांचा स्पंज आहे. असं बीडिंग पावसाळाभर ओलं राहून खालचा पत्रा खातं.

ईपीडीएम रबर (एक कृत्रिम रबर) ऊन आणि ओझोन यांना चांगलं टिकतं, म्हणून मागायचं तर तेच मागा.

बाकी सामान : कॉन्टॅक्ट अॅडहेसिव्ह (वेदरस्ट्रिपसाठीचं खास मिळालं तर उत्तम, नाहीतर फेविकॉल एसआर ९९८ सारखं) चार दारांना २०० मिली पुरतं, आयसोप्रोपिल अल्कोहोल अर्धा लिटर, मास्किंग टेप दोन रोल, अर्धा इंची ब्रश दोन, १८० नंबरचा पॉलिश पेपर, नवी ब्लेडं, लाकडी किंवा रबरी हातोडी, बटर पेपर, बिनसुवासिक टाल्कम पावडर आणि डोअर पॅडमागे लावायला जाड प्लास्टिक.

दोन गोष्टी आणू नका. एक, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंट. त्यातून सुटणारं आम्ल उघड्या पत्र्याला गंज आणतं आणि त्या जागी पुन्हा रंग धरत नाही. दुसरं, अख्खं रबर चिकटवायला फेविक्विक. तो सांधा कडक होतो आणि दार लागल्या-उघडल्याच्या हिसक्यांनी तडकतो. त्याचा उपयोग पुढे फक्त एका जागी आहे.

७. आधी काचेचं, मग दाराचं

काचेची फेल्ट चॅनल (काच जिच्यात सरकते ती मऊ अस्तराची खाच), कमरेच्या पट्ट्या आणि त्रिकोणी काचेचं रबर बदलायचं असेल तर ते आत्ता, दाराच्या बीडिंगच्या आधी. त्रिकोणी काचेची चौकट काढताना दार सारखं उघडझाप होतं आणि नवं बीडिंग त्यात चेमटतं. चॅनल बसवल्यावर काच पूर्ण वर-खाली करून बघा. वर जाताना तिरकी होत असेल तर चॅनल तळाशी नीट बसलेली नाही.

डोअर पॅडमागचं प्लास्टिकही याच वेळी लावा. कडेला सगळीकडून चिकट ब्यूटाइल टेप आणि खालची कड दाराच्या आतल्या खाचेत सोडलेली. खालची कड पॅडच्या बाजूला आली तर प्लास्टिकवरून ओघळलेलं पाणी थेट पॅडमध्ये जातं. हार्डबोर्डचं पॅड एकदा फुगलं की परत सपाट होत नाही.

८. कोरडं बसवून बघणं

नवं रबर दुकानातून घट्ट गुंडाळलेलं येतं. ते मोकळं करून रात्रभर जमिनीवर पसरून ठेवा, नाहीतर तासभर उन्हात टाका.

मग डिंक न लावता अख्ख्या दाराला फिरवा. दर फूटभर अंतरावर मास्किंग टेपने पकडा आणि रबरावर व पत्र्यावर समोरासमोर खुणा करा. चारही कोपरे आणि प्रत्येक सरळ बाजूचा मध्य, अशा आठ खुणा तरी हव्यात. जोड तळाच्या सरळ भागात येऊ द्या. वरच्या कडेला किंवा वळणावर नको.

> सावधान : रबर ताणायचं नाही. कधीच नाही. ताणून बसवलेलं रबर काही आठवड्यांत आपल्या मूळ लांबीवर जातं आणि सगळी ओढ कोपऱ्यांवर येते. चार महिन्यांनी कोपरा लोंबतो तो यामुळे. उलट सरळ भागांत ते किंचित ढकलत बसवा. अख्ख्या दारात दोन-तीन सेंटिमीटर जास्त रबर मावलं पाहिजे.

कोपऱ्यात फुगा आतल्या बाजूने मोडून चपटा होत असेल तर वळण त्या रबराला फार घट्ट आहे. तयार साच्यातला कोपरा मिळाला तर तो घ्या. नाहीतर तिथे ४५ अंशात कापून जोड द्या.

आता फुग्याच्या आतल्या बाजूला हवेची भोकं आहेत का बघा. मीटरवर मिळणाऱ्या रबराला ती बहुधा नसतात. भोकं नसली की आत कोंडलेली हवा दाराला परत ढकलते आणि माणूस उगाच स्ट्रायकर हलवत बसतो. दर १५-२० सेंटिमीटरला तीन मिलिमीटरचं भोक पाडा, केबिनच्या बाजूला. बाहेरच्या बाजूला पाडलंत तर ती पाण्याची वाट होते.

टेप लावलेल्या अवस्थेतच दार अलगद लावा आणि कागदाची परीक्षा पुन्हा घ्या. इथे नापास झालेलं रबर डिंकाने पास होत नाही. परत करायचं तर आजच.

९. बसवणं

*दाबून बसवायचं असेल तर* : तळाच्या मध्यापासून सुरू करा, हाताने अख्खं फिरवून घ्या, मग हातोडीने पकडीवर हलके ठोके द्या. फुग्यावर ठोकू नका. एखादी जागा सैल वाटली तर रबर काढून त्याची धातूची पकड पक्कडने थोडी दाबा. इथे डिंकाची गरज नसते, लागत असेल तर पकड चुकीची आहे.

*चिकटवायचं असेल तर* : हवा बघून दिवस ठरवा. पावसाळी, दमट हवेत डिंकातलं सॉल्व्हंट उडताना थर थंड होतो आणि त्यावर सूक्ष्म दव जमतं. वरून चिकट वाटतं, पण धरत नाही. कोकणात आणि मुंबईत जूननंतर फसलेली कित्येक कामं यातली. कोरडा दिवस, सकाळी दहानंतर, गाडी सावलीत. कडक उन्हात पत्रा तापतो आणि डिंक ब्रशखालीच सुकतो.

रबराच्या चिकटायच्या बाजूवर कारखान्याची पावडर असते. ती बाजू पॉलिश पेपरने हलकी घासून अल्कोहोलने पुसा. पत्र्यावर डिंकाच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. दोन्ही पृष्ठांवर पातळ, सारखा हात द्या आणि थांबा. पाच ते दहा मिनिटांनी बोट टेकवल्यावर चिकटतं पण बोटाला लागत नाही, तेव्हाच जोडा. ओल्या डिंकावर जोडलं तर आतलं सॉल्व्हंट अडकून राहतं आणि रबर दिवसभर सरकत राहतं.

वरच्या कडेच्या मध्यापासून सुरुवात करा आणि खुणेला खूण जुळवत दोन्हीकडे खाली या. एका वेळी फूटभर, फार तर दीड फूट. कॉन्टॅक्ट अॅडहेसिव्हला दुसरी संधी नसते, टेकलं की टेकलं. प्रत्येक तुकडा अंगठ्याने दहा सेकंद दाबा. कोपरा आला की आधी कोपरा बसवा आणि मागे राहिलेलं जास्तीचं रबर सरळ भागात दाबून वाटून टाका.

तळाला दोन टोकं भेटली की तीन-चार मिलिमीटर जास्त ठेवून, नव्या ब्लेडने एका झटक्यात, काटकोनात कापा. पोकळ फुग्यात आधी तीन सेंटिमीटरचा भरीव रबराचा तुकडा अर्धा-अर्धा सरकवा, म्हणजे जोडावर फुगा चपटा होत नाही. मग टोकांना फेविक्विकचा एक थेंब आणि अर्धा मिनिट दाब. फेविक्विकची जागा ती एवढीच.

मास्किंग टेप लगेच काढा. रबर जिथे टेकतं त्या पत्र्यावर टाल्कम मारा, बटर पेपरच्या पट्ट्या मध्ये ठेवा आणि दार फक्त पहिल्या खटक्यावर लावून २४ तास सोडा. बटर पेपर विसरला आणि कुठे डिंक उतू आलेला असला, तर दुसऱ्या दिवशी दार उघडताना फुगा फाटतो.

१०. दार जड लागतंय

नवं रबर असताना थोडं जड लागणारच. पहिली दुरुस्ती म्हणजे काही न करणं. दार पूर्ण लावून गाडी तीन-चार दिवस उभी ठेवा, मग आठवडाभर वापरा.

मधल्या काळात एक बघा. एक काच दोन बोटं खाली करून दार लावा. सहज लागलं आणि काच वर केल्यावर लागेना, तर केबिनमधली हवा निघायला वाट नाही एवढंच. दाबात चूक नाही, उलट काम चांगलं झालंय.

आठवड्यानंतरही आपटावं लागत असेल तर रबरावर खडूची पूड लावून दार लावा आणि पत्र्यावरचा ठसा बघा. सगळीकडे सारख्या रुंदीचा ठसा हवा. एकाच जागी रुंद आणि बाकी बारीक असेल तर त्या जागची कड बघा, स्ट्रायकरला हात लावू नका. ठसा सगळीकडे रुंद असेल तर स्ट्रायकरभोवती पेन्सिलने रेघ मारून तो एक मिलिमीटर बाहेर घ्या, पुन्हा एक. तीन मिलिमीटरच्या पुढे जावं लागलं तर फुगा मोठा आहे आणि बदलावा लागेल. दार बाहेर राहिलेल्या गाडीत वाऱ्याची शिट्टी ऐकू येते आणि लॉक अर्ध्या खटक्यावर राहण्याचा धोका असतो.

शेवटी पाण्याची परीक्षा परत, त्याच क्रमाने, खालून वर. पण डिंकाला पुरते दोन दिवस दिल्यावर.

११. निगा

महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने धूळ पुसा. दोन-तीन महिन्यांनी सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्या, विशेषतः वरच्या कडेला आणि बिजागरीकडे. इंजिन ऑइल, साधं ग्रीस, डब्ल्यूडी-४०, डिझेलचं फडकं यातलं काहीही ईपीडीएमला लावू नका. खनिज तेलाने ते फुगतं आणि मऊ पडतं. गॅरेजमधून सर्व्हिसिंग होऊन आलेली गाडी चकचकीत काळ्या रबरांनी आली तर त्याच दिवशी साबणाच्या पाण्याने पुसून काढा. काचेच्या फेल्ट चॅनलला ग्रीस लावायचं नाही, धूळ धरते आणि काचेवर उभे ओरखडे येतात.

पावसाळा सुरू व्हायच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास, वर्षातून दोनदा, तळाची भोकं तारेने साफ करा. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर दर महिन्याला.